अपुऱ्या अवस्थेत बाजारात आलेला ‘एलिमेंटल’ आज खेळावा का?

रानवाटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ बरीच वर्षे अमेरिकेत राहून गेल्या महिन्यात कायमचा परत आला. त्याच्या सामानात पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी ‘एलिमेंटल: वॉर ऑफ मॅजिक’ या गेमचा २०१० सालचा डबा निघाला. डिस्कवर एक ओरखडाही नाही आणि ती मला देऊन टाकायला तो आनंदाने तयार आहे. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’च्या तिसऱ्या भागावर आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो, एकाच संगणकापुढे आळीपाळीने बसायचे आणि दुसऱ्याचा टर्न चालू असताना पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे, असा आमच्या घरचा नियम होता. त्यामुळे किल्ले, मंत्र आणि टर्नवर चालणाऱ्या लढाया म्हटल्या की मला अजूनही राहवत नाही.

अडचण अशी की, या गेमविषयी जे जे वाचले त्यात तो पुरा होण्याआधीच विक्रीला आणला गेला, हे पहिल्याच वाक्यात येते. पुढे त्याला बरेच पॅच, म्हणजे दोष काढणाऱ्या दुरुस्त्या, मिळाले, असेही वाचले. डिस्क फुकट मिळाली असली तरी नोकरी आणि घर सांभाळून माझ्याकडे आठवड्याला जेमतेम पाच-सहा तास उरतात आणि असा एकेक डाव पुरा व्हायला वीस-पंचवीस तास सहज लागतात. तेव्हा मला विचारायचे आहे ते इतकेच: सगळे पॅच लावल्यानंतर हा गेम खेळण्याजोगा होतो का, की त्याचे अपुरेपण शेवटपर्यंत जाणवत राहते? ज्यांनी तो स्वतः खेळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पटावरचा घोडा

रानवाटा, उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. डिस्क हाताशी आहे तर एक-दोन बैठका जरूर खेळा. मात्र डाव तडीस नेण्याच्या ईर्षेने त्यात महिने घालवू नका. तुम्हाला जी गोडी हवी आहे ती त्यातून पुढे निघालेल्या ‘फॉलन एन्चँट्रेस’मध्ये आणि विशेषतः त्याच्याही नंतरच्या ‘लेजेंडरी हिरोज’मध्ये मिळेल.

मिशिगनमधल्या स्टारडॉक या कंपनीने ‘एलिमेंटल’ २४ ऑगस्ट २०१० रोजी प्रसिद्ध केला. त्याच्याकडून अपेक्षा फार मोठ्या होत्या, कारण १९९४ च्या ‘मास्टर ऑफ मॅजिक’ची जागा घेईल असा गेम सोळा वर्षांत कोणाला साधला नव्हता आणि स्टारडॉकने ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’सारखा अवकाशातला उत्तम स्ट्रॅटेजी गेम करून दाखवला होता. शिवाय याच कंपनीने २००८ मध्ये गेम विकत घेणाऱ्यांच्या हक्कांची एक सनद जाहीर केली होती आणि गेम पूर्ण झालेल्या अवस्थेतच बाजारात यावा अशी मागणी करण्याचा हक्क तिच्यात स्पष्ट शब्दांत नोंदवलेला होता. दोनच वर्षांनी त्याच कंपनीचा गेम अर्धामुर्धा हाती आला, तेव्हा लोक इतके का दुखावले हे त्यावरून समजू शकते. कंपनीचे प्रमुख ब्रॅड वॉर्डेल यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि दोष स्वतःच्या निर्णयाकडे घेतला. पाठोपाठ कंपनीत नोकरकपातही झाली.

त्या वेळच्या परीक्षणांत गेम मध्येच बंद पडण्याच्या तक्रारी ठळकपणे आल्या. त्या बहुतेक पॅचमधून निघाल्या, म्हणून आज त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. पॅचने जे निघाले नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक टर्नला आपण काहीतरी निवडतो आणि त्या निवडीची किंमत पुढे कुठेतरी मोजावी लागते. ‘एलिमेंटल’मध्ये ही किंमत फार क्वचित मोजावी लागते. नगर जवळपास कुठेही वसवता येते, त्यामुळे जागेसाठी जीव तळमळत नाही. मंत्रांची नावे वेगवेगळी असली तरी त्यातले कितीतरी शेवटी समोरच्याचे कमीअधिक नुकसान करण्यापुरतेच उरतात. रणांगणावर ज्याचा हल्ल्याचा आकडा मोठा तो जिंकतो. डावपेचाला वाव थोडा. आणि संगणकाने चालवलेली राज्ये तुमच्या सीमेवर येऊन तुमची झोप उडवतील, असे सहसा होत नाही.

तरीही दोन बैठका खेळा असे म्हणतो, त्याचेही कारण आहे. पहिल्याच टर्नला तुमचा सम्राट किंवा सम्राज्ञी एका करपलेल्या माळावर एकट्याने उभी असते. महाउत्पातात सगळे जग जळून गेलेले असते. तुम्ही पहिले नगर वसवता आणि त्याच्याभोवती हळूहळू हिरवे गवत पसरू लागते. मग माउसचे चाक मागे फिरवा. घरे, झाडे, डोंगर लहान लहान होत जातात आणि एका क्षणी ती त्रिमिती सृष्टी नाहीशी होऊन कापडावर शाईने काढावा तसा जुना नकाशा समोर येतो. त्याच नकाशावर बसून पुढचा सगळा डाव खेळता येतो. पंधरा वर्षांत ही कल्पना इतक्या देखण्या रीतीने मला दुसरीकडे पाहायला मिळालेली नाही.


कोरा कागद

वरच्या प्रतिसादातील संगणकाच्या राज्यांविषयीच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. क्षेत्र गेमचे नाही, पण जे अपुरे राहते ते का राहते, याचा अनुभव सारखाच असतो.

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिता येतो, कारण उंट तिरका चालतो आणि हत्ती सरळ चालतो हे ठरून शतके लोटली आहेत. समजा, दर सोमवारी कोणी येऊन सांगितले की, या आठवड्यापासून हत्ती तीनच घरे जाईल आणि प्याद्याला मागे फिरता येईल, तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करावे? स्ट्रॅटेजी गेम घडत असताना नेमके हेच चालू असते. नगरे किती वेगाने वाढावीत, मंत्राला किती शक्ती लागावी, घोडेस्वार पायदळाला किती भारी पडावेत, हे नियम रोज बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर संगणकाच्या डोक्यात भरलेले शहाणपण निरुपयोगी होते. म्हणून प्रतिस्पर्धी नीट खेळू लागणे हे काम नेहमी सर्वांत शेवटी येते आणि प्रकाशनाची तारीख ठरलेली असली की, शेवटच्या कामावरच कुऱ्हाड पडते. चित्रे, संगीत, नकाशे ही कामे आधीच झालेली असतात. त्यामुळे बाहेरून गेम पुरा दिसतो आणि आतून पोकळ असतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या सवयीची आहे. दोन-तीन वर्षे रोज तोच गेम पाहणाऱ्याला त्यातली अडचण दिसेनाशी होते. कुठे क्लिक केले की गेम बंद पडतो हे त्याच्या हाताला माहीत असते आणि हात आपोआप ती जागा टाळतो. ‘एलिमेंटल’साठी आगाऊ पैसे भरलेल्यांना बीटा, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीच्या, आवृत्त्या खेळायला मिळत होत्या, म्हणजे बाहेरचे डोळे उपलब्ध होते. पण बीटा खेळणारा कच्चेपणा गृहीत धरूनच खेळतो. हे पुढे सुधारेल असे मानून तो पुष्कळ काही सोडून देतो. आमच्या कामातही जुन्या ग्राहकांपेक्षा अगदी नवख्या माणसाला पहिल्यांदा बसवले की, दहा मिनिटांत खरे दोष बाहेर येतात.

रानवाटा, एक व्यावहारिक सूचना. पॅच लावायचे असतील तर सगळे आधी लावा आणि मगच डाव मांडा. अशा गेममध्ये पॅचने नियम बदलले की, जुना सेव्ह उघडला तरी आतले आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.


सांजसकाळ

मी ‘एलिमेंटल’ची बाजू थोडी अधिक जोराने मांडू इच्छिते, कारण त्याच्यावर जे लिहिले जाते ते बहुधा पहिल्या महिन्यातल्या परीक्षणांवरून लिहिलेले असते आणि पुढच्या पिढीचे खेळाडू तेच पुन्हा सांगत राहतात.

या गेममध्ये घराण्याची कल्पना आहे. तुमच्या सम्राटाचे लग्न होते, मुले होतात, ती मोठी होऊन स्वतः लढायला बाहेर पडतात आणि त्यांचे विवाह दुसऱ्या राज्यांतल्या राजकुळांत लावून देता येतात. मी अल्टार या राज्याच्या बाजूने खेळत असताना पहिला मुलगा वयात येईपर्यंत अगदी बेफिकिरीने राज्यविस्तार करत होते. तो नकाशावर आल्यानंतर त्याला रानातल्या पहिल्या राक्षसी कोळ्यापुढे उभे करताना मी चक्क सेव्ह केले. त्याच्याकडे तलवारही साधी होती आणि आकड्यांच्या दृष्टीने तो इतर नायकांपेक्षा कमीच होता, पण तो माझ्या राजाचा मुलगा होता. ‘फॉलन एन्चँट्रेस’मध्ये सगळे नीटनेटके झाले, समतोल आला, प्रतिस्पर्धी सुधारला आणि घराणी मात्र गेली. अपुऱ्या गेममध्ये जी कल्पना अर्ध्यावर राहिली होती ती पुरी करण्याऐवजी कापून टाकली गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

आणि ज्या ‘मास्टर ऑफ मॅजिक’चे आपण सगळेच गुण गातो, तो तरी १९९४ मध्ये कुठे निर्दोष आला होता? त्याच्या पहिल्या आवृत्तीत इतके दोष होते की, १९९५ मधल्या १.३१ या पॅचपर्यंत तो धड चालतच नव्हता म्हटले तरी चालेल. पुढची कितीतरी वर्षे चाहत्यांनीच त्याची डागडुजी केली. त्यातल्या ‘कास्टर ऑफ मॅजिक’ या चाहत्यांच्या मॉडला, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेल्या आवृत्तीला, तर २०२० मध्ये अधिकृत प्रकाशनाचा मान मिळाला आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये मूळ गेमचीच नवी आवृत्ती आली. अपुरा आला म्हणून तो तेव्हाच बाजूला ठेवला असता, तर हे काहीच घडले नसते.


पटावरचा घोडा

सांजसकाळ, घराण्यांविषयी तुम्ही लिहिलेले पटले आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवे होते. ‘मास्टर ऑफ मॅजिक’ची तुलना मात्र मला उलट बाजूने महत्त्वाची वाटते.

त्या गेममध्ये आर्केनस आणि मिरर अशी दोन जगे होती, चौदा वंश होते आणि दोनशेहून अधिक मंत्र होते. त्यातले काही मंत्र नीट चालत नव्हते, काही ठिकाणी गेम बंद पडत होता, प्रतिस्पर्धी कधी कधी निरर्थक चाली करत होते. पण मृत्यूची जादू निवडणाऱ्याचा डाव आणि निसर्गाची जादू निवडणाऱ्याचा डाव पहिल्या दहा टर्नमध्येच वेगळे होत. तो फरक खेळाच्या मांडणीत आधीपासूनच होता. चाहत्यांनी जे दुरुस्त केले ते बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे. वाडा पहिल्यापासून उभा होता. ‘एलिमेंटल’मध्ये दारे-खिडक्या सुबक होत्या, पण आतल्या खोल्या कुठे असाव्यात हे ठरायचे राहिले होते. म्हणूनच त्याला पॅच पुरले नाहीत. डेरेक पॅक्स्टन यांना स्टारडॉकने २०१० मध्येच बोलावले. ‘सिव्हिलायझेशन ४’साठीचा त्यांचा ‘फॉल फ्रॉम हेवन’ हा मॉड कित्येक विकाऊ गेमपेक्षा सरस होता. त्यांच्या हाताखाली नियम नव्याने बांधले गेले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘फॉलन एन्चँट्रेस’ हा स्वतंत्र गेम म्हणून आला. दोन वर्षे लागली.

याच्याशी संबंधित एक गोष्ट रानवाटा यांच्या उपयोगाची आहे. ज्यांनी २०१० मध्ये ‘एलिमेंटल’ विकत घेतला होता त्यांना ‘फॉलन एन्चँट्रेस’ फुकट दिला गेला. तुमच्या भावाने तो त्याच वर्षी घेतला असेल, तर त्याला जुने खाते आणि जुना ईमेल पाहायला सांगा.


भैरवगड

‘हीरोज’चा विषय निघालाच आहे तर त्याच मालिकेचा चौथा भाग आठवावा. २००२ च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा त्यात अनेकांनी मिळून खेळण्याची सोयच नव्हती. ती नंतरच्या पॅचने आली. ही मालिका बनवणाऱ्या न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगची मालक असलेली थ्रीडीओ कंपनी तेव्हा पैशांच्या ओढाताणीत होती आणि २००३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तरीही एकट्याने खेळण्याच्या मोहिमांमधले कथालेखन त्या मालिकेतले सर्वोत्तम आहे, असे माझे मत आहे. काय अपुरे आहे आणि आपल्याला त्यातले काय हवे आहे, हे जुळवून पाहिले तर तो भाग एकट्या खेळाडूसाठी पहिल्या दिवशीही घेण्याजोगा होता.


निवडुंग

जुन्या डिस्कचे ठीक आहे, पण आज अनेकांपुढे हाच प्रश्न पैसे खर्च करून उभा राहतो. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस सुरू केल्यापासून अपुरा गेम अपुरा म्हणून उघडपणे विकला जातो. हा प्रकार मला प्रामाणिक वाटतो, कारण घेणाऱ्याला आधी सांगितलेले असते. मात्र स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत त्यात एक मोठा धोका आहे.

खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, हा स्टीमचा नियम २०१५ पासून आहे. मारामारीच्या गेममध्ये दोन तासांत बरेच काही कळते. आपल्या या प्रकारात दोन तासांत तीन नगरे वसतात, पहिला नायक दोन पायऱ्या वर चढतो आणि सगळे छानच वाटत असते, कारण सुरुवातीचा भाग बनवणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळा खेळून घासूनपुसून ठेवलेला असतो. शंभराव्या टर्ननंतर बारा नगरे झाली, प्रत्येक टर्नला चार मिनिटे थांबावे लागू लागले, प्रतिस्पर्धी कोपऱ्यात सैन्य साठवून नुसताच बसलेला आढळला, म्हणजे मग कळते. तोपर्यंत परतीची मुदत केव्हाच संपलेली असते.

माझ्या बाबतीत असे एकदा घडले आहे. गेमचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पाच वंश येणार असे जाहीर झाले होते, त्यातले दोन तयार होते आणि उरलेल्या तिघांची चित्रे निवड-पडद्यावर राखाडी रंगात, कुलूप लावून ठेवलेली होती. मी त्या कुलपांकडे पाहून गेम घेतला. वर्षभराने काम थांबल्याची सूचना आली. ती तीन राखाडी चित्रे आजही तशीच आहेत. संगणक बदलला की मी तो गेम पुन्हा उतरवते आणि निवड-पडद्यापर्यंत जाऊन येते. तेव्हापासून मी एकच पाहते: आज जेवढे आहे तेवढेच कायम राहिले, तर या किमतीला ते मला चालेल का?


कोरा कागद

निवडुंग यांच्या प्रतिसादात थोडी भर घालतो. पॅचसोबत येणाऱ्या बदलांच्या याद्या वाचाव्यात. ज्या यादीत केवळ नवे पोशाख, नवे राक्षस आणि नवे नकाशे असतात ती पाहून मला काळजी वाटते. ‘प्रतिस्पर्धी आता जखमी सैन्य मागे घेतो’ किंवा ‘सव्वाशेव्या टर्ननंतर होणारी संथगती कमी केली’ अशी रूक्ष वाक्ये ज्या यादीत असतात, तिथे कोणीतरी शेवटपर्यंत डाव खेळून पाहत आहे असे समजावे.


रानवाटा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण खेळून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

आधी खात्याचे सांगते. भावाच्या जुन्या ईमेलमध्ये सप्टेंबर २०१० ची पावती सापडली. पासवर्ड बदलून त्याने खाते उघडले, तेव्हा ‘फॉलन एन्चँट्रेस’ त्याच्या नावावर इतकी वर्षे पडून होता. त्याला याची गंधवार्ता नव्हती. गेम अपुरा निघाल्याने त्याने तो डबा ठेवून दिला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

‘एलिमेंटल’ मी दोन रविवार खेळले. पटावरचा घोडा यांनी सांगितल्याप्रमाणे माउसचे चाक मागे फिरवले आणि तो कापडी नकाशा समोर आला, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने हातातले पुस्तक खाली ठेवले. पुढचा तासभर आम्ही दोघी त्या नकाशावरच खेळलो. सांजसकाळ यांच्या घराण्याचाही अनुभव घेतला. खेळातल्या राजकन्येचे नाव लेकीने ठेवले. साठाव्या टर्नच्या आसपास मात्र आम्ही दोघी नुसताच टर्न संपवण्याचे बटण दाबत आहोत, असे माझ्या लक्षात आले. काही बिघडले नव्हते, गेम एकदाही बंद पडला नाही. करण्यासारखे काही उरले नव्हते. ही जाणीव मला गेम बंद पडण्यापेक्षा अधिक निराश करणारी वाटली.

मग ‘फॉलन एन्चँट्रेस’ लावला आणि पहिल्याच टर्नला अडून बसले. इथे नगर कुठेही वसवता येत नाही. काही मोजक्याच जागांवर धान्य, साहित्य आणि जादूचे सत्त्व असे तीन आकडे दिसतात आणि त्यांवरच सगळे ठरते. नदीकाठी धान्य चार होते, पण सत्त्व शून्य. म्हणजे नगर भरभराटीला येणार, पण त्यावर एकही मंत्र बांधता येणार नाही. टेकडीपलीकडे धान्य दोनच आणि सत्त्व तीन, पण वाटेवर अस्वलांची गुहा. मी टेकडी निवडली. चाळीस टर्न ते नगर उपाशीपोटी वाढत राहिले आणि मी स्वतःला दोष देत राहिले. पुढे त्यावर तीन मंत्र बांधले आणि विद्येत ते राजधानीच्याही पुढे गेले. नगर मोठे झाल्यावर त्याला व्यापारी गाव करायचे, विद्यापीठ करायचे की गढी, हेही ठरवावे लागते आणि ठरवलेले बदलत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मी त्याच निर्णयाचा विचार करत होते, असे मला ‘हीरोज’नंतर पहिल्यांदाच झाले.

घराणी नाहीत ही उणीव खरी आहे आणि लेकीने ती पहिल्या संध्याकाळीच विचारली. ‘एलिमेंटल’ मी काढून टाकलेला नाही. तिच्या राजकन्येचा सेव्ह त्यात आहे आणि ती शनिवारी सकाळी तो उघडून नकाशा पाहते.

माझा ‘फॉलन एन्चँट्रेस’चा डाव सध्या एकशे बाराव्या टर्नवर आहे, यिथ्रिल या शत्रुराज्याचे सैन्य पूर्वेकडच्या गढीपासून दोन टर्नवर आले आहे आणि माझ्याकडे तिथे धनुर्धारींच्या दोन तुकड्या आणि एक जखमी नायक आहे. गढी सोडून विद्यापीठ वाचवावे, की नायकाला आत ठेवून वेढा झेलावा? ज्यांनी हा डाव खेळला आहे त्यांनी रविवारच्या आत सांगितले तर बरे होईल.


सांजसकाळ

गढी सोडू नका. नायकाला मात्र आजच्या आज बाहेर काढा. तो जखमी अवस्थेत पडला, तर कायमची दुखापत घेऊन उठेल आणि ती पुढच्या प्रत्येक लढाईत सलत राहील. धनुर्धारींना तटावर ठेवा आणि टेकडीवरच्या विद्यापीठाच्या तिन्ही मंत्रांपैकी एक सोडून तीच शक्ती गढीवर लावा. राजकन्येचे नाव काय ठेवले तेही सांगा.